अंदमानात मार्गशीर्षातला गुरुवार

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा घरातून दोन अटी आल्या. अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची अट अशी, की हळद काढायला यायच्या आत परत यायचं. आक्कांची, म्हणजे सासूबाईंची अट, की मार्गशीर्षातला गुरुवार मोडायचा नाही. डिसेंबरचा पहिला आठवडा दोन्हींत बसत होता. सांगलीजवळच्या डिग्रजच्या मळ्यात हळदीचा पाला अजून हिरवा होता, आणि दत्तजयंती नेमकी गुरुवारी आली होती. "गुरुवार तिथंच करू की, लक्ष्मी काय समुद्रापलीकडं नसती व्हय?" असं म्हणून आक्कांनी पिशवीत पोथी, कलशाचा तांब्या, कुंकवाचा करंडा आणि घरच्या हळदीची पुडी भरली. वर पाच किलो भडंग.

मिरजेहून रात्रीची रेल्वे, बंगळूरुला नणंदेकडे मुक्काम, मग पहाटेचं विमान. आम्ही दोघं, नववीतली मुलगी, अण्णा आणि आक्का. वाटेत सांगण्यासारखं काही घडलं नाही.

रविवार, पोर्ट ब्लेअर

विमान खाली यायला लागलं आणि खिडकीतून हिरवी बेटं दिसली. प्रत्येक बेटाभोवती पांढरी कड, तिच्याबाहेर फिकट पोपटी पाणी आणि त्यापुढे एकदम गडद निळं. तो पोपटी पट्टा म्हणजे उथळ पाणी आणि खाली प्रवाळ. डोळ्यांनी इतका स्पष्ट नकाशा मी आधी कधी पाहिला नव्हता.

शहराचं नाव २०२४ मध्ये बदलून श्री विजयपुरम झालं आहे. बोलण्यात मात्र सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात, रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत. विमानतळाबाहेर पडल्याबरोबर घामाने कपडे अंगाला चिकटले. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे शेकोटी पेटते, म्हणून आक्कांनी स्वेटर घेतला होता. तो शेवटपर्यंत पिशवीतून बाहेर आला नाही. तुम्ही सुती कपडे न्या.

दुपारी सेल्युलर जेलला गेलो. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेला हा तुरुंग. मधला मनोरा आणि त्यापासून फुटलेल्या सात इमारती, त्यातल्या आता तीनच उभ्या आहेत. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. त्यामुळे कोठडीच्या दारात उभं राहिलं तर समोर दिसते ती फक्त भिंत, माणसाचा चेहरा कधीच नाही. वरच्या मजल्यावर टोकाला सावरकरांची कोठडी. बाबाराव, त्यांचे मोठे बंधू, याच तुरुंगात होते आणि तरीही दोघा भावांची भेट होऊ दिली जात नव्हती. मुलीने कोठडीच्या दाराचा कडीकोयंडा नीट बघितला. कडी भिंतीतल्या कोनाड्यात इतकी आत सरकवलेली, की आतून हात बाहेर काढला तरी पोचणार नाही. ती बराच वेळ हात घालून बघत होती.

अण्णा थांबले ते कोलूपाशी, म्हणजे तेलाच्या घाण्यापाशी. आमच्या लहानपणी गावात शेंगदाण्याचा घाणा असायचा, बैल फिरवायचा. इथे माणसं जुंपत. नारळाचं तेल काढायचं, दिवसाला तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. तेवढं निघालं नाही तर फटके. अण्णांनी हे सगळं माझ्याकडून वाचून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "बैलालाबी दुपारी सोडत्यात." संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमात आक्का पूर्ण वेळ पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. या कार्यक्रमाची तिकिटं लवकर संपतात, आधीच काढून ठेवा.

इथे पाच वाजता सूर्य बुडतो. घड्याळ आपलंच, पण हे बेट सांगलीच्या कितीतरी पूर्वेला. साडेपाचला पूर्ण अंधार. त्यामुळे सकाळी साडेपाचला उठायची तयारी हवी. दहाला न्याहारी करून निघणाऱ्यांचा अर्धा दिवस इथे फुकट जातो.

सोमवार, रॉस बेट

बरेच लोक बारातांगला जातात, चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी बघायला. आम्ही गेलो नाही. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा तांडा पोलीस सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे. नियम आहेत हे चांगलंच, तरीही रोज कुणाच्या तरी घरातून शेकडो गाड्यांनी डोकावत जायचं, हे आम्हा कुणाला पटलं नाही. गुहा सुंदर असतील. त्या राहिल्या तरी चालतील.

त्याऐवजी होडीने समोरच्या रॉस बेटावर गेलो, आताचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. १८५८ मध्ये सत्तावन्नच्या उठावातले कैदी इथे आणले, त्यांच्याकडून जंगल तोडून घेतलं आणि त्यावर इंग्रजांनी आपली राजधानी थाटली. चर्च, बेकरी, नाचघर, सगळं होतं. आता वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी भिंती अशा कवळल्या आहेत की वीट कुठली आणि मूळ कुठलं कळत नाही. हरणं माणसाला बुजत नाहीत. चढ आहे, पण म्हाताऱ्या माणसांसाठी बॅटरीवरची गाडी मिळते.

मंगळवार, राधानगर

सकाळच्या बोटीने हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. दोन-अडीच तासांचा प्रवास. बोट लागणाऱ्यांनी अर्धा तास आधी गोळी घ्यावी आणि पोटात थोडं काहीतरी असावं. भडंग इथे फार उपयोगी पडलं.

राधानगरचा किनारा मी फोटोत शंभर वेळा पाहिला असेल. फोटोत येत नाहीत ती तिथली झाडं. वाळू संपते तिथेच सरळसोट उंच समुद्रमोहाची झाडं सुरू होतात, चार माणसांच्या कवेत न मावणारी. त्या सावलीतून बाहेर आलं की एकदम तो पांढरा, वळलेला किनारा. दुपारी दोनचं ऊन होतं तरी वाळू पायाला चटके देत नव्हती. गणपतीपुळ्याला भर दुपारी आम्ही पळत पाणी गाठतो, तसं इथे झालं नाही. ही वाळू बरीचशी प्रवाळाची आणि शिंपल्यांची बनलेली आहे. पोपट मासा नावाचा एक मासा प्रवाळ करकरा चावतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि उरलेलं पांढरं पीठ मागे सोडतो. अशा पांढऱ्या वाळूचा काही भाग माशांच्या पोटातून आलेला असतो, हे मुलीने आजोबांना सांगितलं. अण्णांनी मूठभर वाळू उचलली, तळहातावर पसरली, बोटाने चोळून बघितली. काळ्या रानातला माणूस मातीला हात लावल्याशिवाय पुढे जात नाही.

आक्का लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरल्या. लाटा संथ होत्या. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग माझा हात धरून कमरेपर्यंत. सूर्य बुडेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत आणि आम्हीही त्यांना हाक मारली नाही. जीवरक्षकांनी दोरीच्या आत राहायला सांगितलं तर ऐका. या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि सूचनेचे फलक उगीच लावलेले नाहीत.

बुधवार, एलिफंट बीच

हॅवलॉकवरच्याच या किनाऱ्यावर जायचं ते पाण्याखाली बघायला. सकाळी लवकर, भरतीचं पाणी असताना. तोंडात नळी, डोळ्यांवर चष्मा, कमरेला रबरी चाक आणि चाक ओढणारा स्थानिक पोरगा. तो रांचीवाल्यांपैकी. इंग्रजांच्या काळात छोटा नागपूरहून जंगलतोडीसाठी मजूर आणले, त्यांच्या वस्त्या इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि सगळे त्यांना रांचीवालेच म्हणतात. त्याने रांची कधी पाहिलेली नाही.

पाण्यात तोंड घातलं आणि पहिला श्वास नळीतून आला, तेव्हा कानात फक्त माझाच श्वास होता. मग हळूहळू एक बारीक कुरकुर ऐकू आली. पोऱ्याने बोट दाखवलं. निळा-हिरवा पोपट मासा, वीतभर लांब, प्रवाळाला तोंड लावून खरोखर चावत होता. मुलीने काल सांगितलेलं आज स्वतःच्या कानांनी ऐकलं. बाजूला एका समुद्रफुलाच्या झुलत्या बोटांत नारिंगी-पांढरे पट्ट्यांचे दोन मासे आतबाहेर करत होते.

प्रवाळाचे मोठे भाग मात्र राखाडी, मेलेले दिसले. प्रवाळ हा बारीक प्राण्यांचा समूह. त्यांच्या अंगात शेवाळ राहतं, तेच त्यांना अन्न आणि रंग देतं. समुद्र फार तापला की शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. असं फार दिवस राहिलं तर मरतो. अंदमानात २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. किनाऱ्यावर उन्मळून पडलेली भलीमोठी पांढरी खोडंही आहेत, ती २००४ च्या त्सुनामीनंतरची. मेलेल्या प्रवाळावर कुठे कुठे नवी, नखाएवढी जांभळी टोकं फुटलेली होती. त्यावर पाय देऊ नका. उभं राहावंसं वाटलं तरी नाही. चाक आहे, त्याला धरून तरंगा.

गुरुवार, नील

या दिवसासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

नील, आता शहीद द्वीप, हे छोटं बेट. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे वसवलं. किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. आम्ही उतरलो ते एका बंगाली कुटुंबाच्या घरगुती मुक्कामाच्या जागी. चार खोल्या, मागे सुपारी आणि नारळ, पुढे भाताची खाचरं. घरमालकीण आक्कांच्याच वयाची.

दुपारी आधी नैसर्गिक पूल बघायला गेलो. प्रवाळखडकाची ही कमान, बंगाली लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. इथे फक्त ओहोटीला जाता येतं. पौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचा दिवस. भरती जितकी वर, ओहोटी तितकीच खाली. चारच्या सुमारास पाणी सगळ्यांत उतरणार होतं, म्हणून आम्ही अडीचलाच निघालो. पाणी मागे सरलं तसा खडकांचा सगळा तळ उघडा पडला आणि खळग्याखळग्यांत अडकलेला समुद्र दिसायला लागला. वाटाड्याने काठीने एक काळं, जाड, मऊ नळकांडं दाखवलं. समुद्रकाकडी. हातभर लांब, एका टोकाला बारीक तोंड, त्यातून ती वाळू सावकाश गिळत होती. मागच्या टोकाला वाळूची नीट लड पडलेली. अण्णा खाली बसले. "गांडूळच की हे," म्हणाले, "समुद्राचं रान नांगरतंय." वाटाड्याला मी ते हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, बाबा बरोबर बोलले, हिचं कामच ते. समुद्रकाकडीला कायद्याने संरक्षण आहे, आणि इथल्या कुठल्याही जिवाला हात लावू नका. खडक धारदार आणि निसरडे आहेत, रबरी तळाचे बूट हवेत, चप्पल नाही. आणि ओहोटीची वेळ आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवा. आम्ही परतत होतो तेव्हा एक बस भरून माणसं येत होती आणि पाणी चढायला लागलं होतं.

परत आलो तर आक्का अंगणात उभ्या. त्या उपवासामुळे आल्या नव्हत्या. त्यांनी मला खुणेनेच बोलावलं. उंबऱ्यापासून आतल्या खोलीपर्यंत घरमालकीण तांदळाच्या पिठाच्या पाण्याने बोटाने रांगोळी काढत होती. मध्ये भाताची कणसं आणि त्यांच्या मधून आत जाणारी लक्ष्मीची पावलं.

"आगं, ह्यांचाबी गुरुवारच हाय," आक्का म्हणाल्या.

बंगाली घरांत गुरुवार हा लक्ष्मीचा वार. या घरात दर गुरुवारी पूजा, त्या दिवशी मासळी नाही. मला हे ठाऊक नव्हतं. आक्कांनी आपला तांब्या आणला. त्यांनी पाणी भरून पाच पानांचा डहाळा ठेवला, वर नारळ. शेजारी त्या बाईंचा घट. त्यातही पाच पानांची आंब्याची डहाळी, वर शहाळं. त्यांनी शेंदराने घटावर खूण काढली. आक्कांनी घरच्या हळदीची पुडी सोडली. पुडी उघडल्यावर त्या बाईंनी नाकाशी धरली, रंग बघितला आणि हिंदीत मला विचारलं, ही तुमच्या शेतातली? मग ती हळद दोन्ही घटांना लागली.

दिवेलागणीला, म्हणजे तिथे पाच वाजता, त्यांनी शंख फुंकला आणि जीभ हलवून तो उंच उलुध्वनी केला. मुलगी दचकली, आक्का हसल्या. त्या बाईंनी लक्ष्मीची पांचाली, म्हणजे पद्यातली कथा वाचली, एका लयीत. आम्हाला शब्द कळत नव्हते, पण 'नारद' म्हटल्याबरोबर आक्कांनी मान डोलावली. मग आक्कांनी आपली पोथी काढली आणि भद्रश्रवा राजाची कहाणी सुरू केली. त्या बाई हात जोडून शेवटपर्यंत बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पुढचा तासभर मी भाषांतराला बसले होते, पण मुलांची लग्नं, गुडघेदुखी आणि नारळाचे भाव यांना माझी फारशी गरज पडली नाही.

त्यांनी नारळ-गुळाचे लाडू दिले. उपवास सोडायला डाळ, वांग्याचे तळलेले काप, दुधीची भाजी आणि भात. आक्कांनी पानात शेंगदाण्याची चटणी वाढली, त्या बाईंच्या मालकांनी ती तीनदा मागून घेतली.

पूजेच्या मध्येच जाऊबाईंचा व्हिडिओ कॉल आला होता. डिग्रजला अजून लख्ख ऊन होतं, औदुंबरला निघायची तयारी चाललेली. इकडे अंगणात चंद्र सुपारीच्या शेंड्यांवर आलेला. जाऊबाईंना तो दाखवला तर त्यांना वाटलं, कालचा फोटो आहे.

शुक्रवार, अजून नील

सकाळी अण्णा घरमालकांबरोबर शेतावर गेले ते अकरालाच आले. पावसाळ्यात भात, नंतर भाजीपाला, तो बोटीने पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जातो. पाऊस भरपूर, पण बेट लहान, त्यामुळे गोडं पाणी साठवून ठेवावं लागतं, उन्हाळा जड जातो. मालकांचे वडील बारिसालहून आले होते. सरकारने जमीन दिली, म्हणजे जंगल दिलं. ते तोडून रान करायला आयुष्य गेलं. अण्णा म्हणाले, चांदोली धरणातली माणसं आपल्याकडं अशीच आली, खडकाळ रानं मिळाली, त्यांनीच ती पिकवली. दोघांचं बोलणं मोडक्या हिंदीत चालायचं, अडलं की हाताने.

आम्ही तोवर भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाची होडी घेतली. पोहता न येणाऱ्यांना प्रवाळ बघायचा तो असा. आक्कांनी तासभर काचेवरून नजर हलवली नाही.

दुपारची परतीची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली. ईशान्येचा वारा डिसेंबरातही कधीकधी जोर धरतो. धक्क्यावर पैसे परत मिळण्याविषयी बराच गोंधळ झाला, शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळच्या सरकारी बोटीत जागा मिळाली. म्हणून सांगते, परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्येच असा. आमच्याकडे शनिवार मोकळा होता म्हणून निभावलं. धक्क्यावरच्या एका जोडप्याचं विमान त्यामुळे चुकलं. रोख पैसेही जवळ ठेवा. समुद्राखालून केबल आल्यापासून नेटवर्क सुधारलंय, पण छोट्या बेटांवर ते कधी जाईल सांगता येत नाही.

शनिवार, चिडिया टापू

दुपारी पोर्ट ब्लेअर, संध्याकाळी दक्षिण टोकाला चिडिया टापू. वाट जंगलातून जाते, खाडीकडेला खारफुटी. पोपटांचे थवे किंचाळत परतत होते. मुलीने एका मेलेल्या शिंपल्याला खिशात टाकलं होतं, ते हॉटेलवाल्या काकांनी काढून ठेवायला लावलं. किनाऱ्यावरून शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा काहीच नेता येत नाही. विमानतळावर सामान तपासतात. दुकानातून घेतलंत तर पावती जपून ठेवा.

यायचा काळ म्हणाल तर जानेवारी ते मार्च सगळ्यांत कोरडा आणि पाणी सगळ्यांत स्वच्छ. मे महिन्यात पाऊस लागतो, तेव्हा बोटींचा भरवसा नाही. उत्तरेला डिगलीपूर आमचं राहिलं. तिथे थंडीच्या दिवसांत रात्री समुद्री कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, आणि रॉस (हे रॉस वेगळं) व स्मिथ ही जुळी बेटं ओहोटीला वाळूच्या पुळणीने जोडली जातात. त्यासाठी वेगळा आठवडा हवा. अण्णांनी हिशेब घातलाय: हळद काढून, शिजवून, वाळवून पेठेत गेली की मार्च उजाडतो. आक्कांचं म्हणणं, मार्चमध्ये कशाला, पुढच्या मार्गशीर्षातच जाऊ, गुरुवार नीलला आणि मग वर डिगलीपूर. सध्या घरात यावरच वाद चाललाय.